टँकरच्या खेळाची प्रोड्युसर

आमच्या ऑफिसच्या संडासाचा वास मला अजून आठवतो. शहराच्या कडेला, बीड बायपासला नव्यानं उभ्या राहिलेल्या एका कॉम्प्लेक्समध्ये आमची मोबाईलवरच्या गेम बनवणारी छोटी कंपनी होती. खाली दाराशी कोरडं कारंजं, समोरच्या होर्डिंगवर निळ्याशार तलावात पोहणारं हसरं कुटुंब, आणि वर नळाला पाणी नाही. दुष्काळ सरता सरत नव्हता आणि इमारती मात्र रोज वर चढत होत्या. दुपारपर्यंत बादलीच्या तळाशी नुसता गढूळ साका उरायचा. आम्ही मुली शेजारच्या पेट्रोल पंपावर जायचो. मालकांच्या केबिनला तेवढी वेगळी टाकी होती. त्यांना आम्ही सर म्हणायचो. सर हात धुवून तसेच बाहेर यायचे आणि बोलता बोलता ओले हात झटकायचे. ते शिंतोडे टेबलावर पडले की मला शिसारी यायची.

मी तिथं गेम तपासायला लागले होते. एक दिवस सर म्हणाले, "आजपासून तू प्रोड्युसर." गारखेड्याच्या घरी येऊन आईला सांगितलं.

"म्हंजे पिक्चर काढणार का तू?"

"नाय गं. गेम बनवणारे असतात ना, त्यांच्याकडून ती नीट आणि वेळेत पुरी करून घ्यायची."

"मग मुकादम म्हण की."

"व्हय, तसंच," मी म्हणाले.

पण ते मुकादमाचं काम नव्हतं, हे मला हळूहळू कळत गेलं. आमचा प्रोग्रामर कन्नड तालुक्यातला, अबोल. कोणत्याही कामाला "होतच आलंय" म्हणायचा. त्याला "कधी होईल?" विचारणं व्यर्थ होतं. "यातलं आत्ता मला काय खेळून दाखवता येईल?" असं विचारलं की खरं काय ते समजायचं. चित्रं काढणारी मुलगी शहागंजची, बोलण्यात हिंदी मिसळणारी. तिला दुरुस्ती सांगताना "छान नाही झालं" म्हटलं की ती दिवसभर गप्प बसायची. "गेममधला टँकर उन्हात दिसत नाही, रस्त्यात मिसळून जातो," असं म्हटलं की लगेच रंग बदलायची. दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही. तिचं म्हणणं त्याच्या भाषेत आणि त्याची अडचण तिच्या भाषेत सांगणं हेच माझं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे नाही म्हणणं. प्रत्येकाला रोज काहीतरी नवं सुचायचं. त्यातलं बहुतेक चांगलं असायचं, आणि तरी ते काढून टाकावं लागायचं.

आमची गेम टँकरची होती. कल्पना चित्रवालीची. अरुंद गल्ल्यांतून टँकर न्यायचा, पाणी सांडू द्यायचं नाही आणि प्रत्येक गल्लीला पुरवून शेवटच्या घरापर्यंत पोचायचं. मी ती आमच्या गल्लीतल्या बायकांना खेळायला दिली आणि मधे एक शब्द न बोलता बघत बसले. कुठं त्यांचं बोट अडतं, कुठं त्या कंटाळतात, ते बघायचं होतं. शेजारच्या काकूंनी टँकर भिंतीला धडकवला आणि स्वतःवरच चिडल्या, "थांब, परत दे, आता नीट नेते!" त्या क्षणी मला वाटलं, जमली गेम.

सरांनी ती खेळून बघितली आणि फोन टेबलावर टाकला.

"यात मजा कुठाय? बायका भांडल्या पाहिजेत. हंडा डोक्यात घालतात, झिंज्या उपटतात, ते टाक. लोक हसून मरतील."

मग ते उठले, कमरेला काल्पनिक पदर खोचला आणि हंडा उगारून नाचून दाखवू लागले. प्रोग्रामर खाली मान घालून हसला. नोकरीचं हसणं होतं ते, मला कळत होतं.

मी प्रोड्युसरच्या भाषेत बोलून बघितलं. भांडणाचं ॲनिमेशन करायला वेळ लागेल, गेम उन्हाळ्यात बाहेर येणार नाही, मग तिचा उपयोग काय. सर म्हणाले, "ॲनिमेशनसाठी बघून काढायला खरं भांडण देतो ना. उद्या सकाळी शूटिंग."

कॉम्प्लेक्सच्या मागं बांधकामावरच्या मजुरांची आणि गावाकडून आलेल्यांची वस्ती होती. दुसऱ्या दिवशी सरांनी तिथं टँकर मागवला. ते स्वतः गाडीत काचा लावून बसले. चित्रवालीच्या हातात कॅमेरा दिला आणि मला म्हणाले, "ड्रायव्हरला सांगितलंय, थोडं पाणी सोडायचं आणि व्हॉल्व्ह बंद करायचा. परत थोडं, परत बंद. म्हणजे जुंपेल. तू फक्त लक्ष ठेव."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. ते च्युइंगगम चघळत होते.

टँकर दिसताच वस्तीतनं बायका धावल्या. हंडे, घागरी, रंगाचे रिकामे डबे. मी ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले.

"दादा, मी सांगितल्याशिवाय पाणी सोडायचं नाय. आणि एकदा सोडलं की बंद करायचं नाय."

"पण साहेब म्हणले—"

"साहेबांनीच मला लक्ष ठेवायला लावलंय."

मग मी बायकांकडं वळले. "माय, पाणी सगळ्यांना पुरतंय. सगळ्या भांड्यांची रांग लावा आधी. मोठे ड्रम मागं, हंडे पुढं."

"खरंच पुरंल का ओ ताई?" एकीनं विचारलं.

"पुरंल. टँकर रिकामा झाल्याशिवाय हलणार नाय."

थोडी कुरबुर झाली, कुणीतरी कुणाचा डबा मागं सारला, पण रांग लागली. पाणी सुटलं. त्याला डिझेलचा वास येत होता आणि वर फेस होता. खाली सांडलेलं तेही बायका ओंजळीनं गोळा करत होत्या. चित्रवालीनं कॅमेरा खाली केला. "भांडीच भरताएत. क्या शूट करूं मैं?" ती हळूच म्हणाली.

सर गाडीतून उतरले. चिखल लागू नये म्हणून पँट वर धरून आले.

"रांग कुणी लावली?"

"मी."

"तुला काय सांगितलं होतं?"

"लक्ष ठेवायला. ठेवलं. भांडण होऊ दिलं नाही."

"अक्कल नाय तुला. प्रोड्युसर म्हणे!"

मी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. जाताना गेममधून माझं नाव काढा, एवढंच मागितलं.

भांडणाचे व्हिडिओ त्यांना इंटरनेटवर हवे तेवढे मिळाले. चित्रवाली तिथंच राहिली. तिच्या घरी कमावणारी ती एकटी होती, तिला दुसरीकडं जाणं परवडणारं नव्हतं. गेम आल्यावर तिचा फोन आला.

"मैंनेच बनाई, पन मेरेकू देखने का जी नै होता. तू बघू नको."

मी बघितली नव्हती. पण पुढं पाचोडला एका लग्नात जेवायला बसले असताना माझ्या चुलतबहिणीचे यजमान फोन घेऊन शेजारी आले. भोवती चारचौघं वाकून बघत होते. पडद्यावर एक जाडी बाई दुसरीच्या डोक्यात हंडा हाणत होती, हंडा फुटला की खिदळण्याचा आवाज यायचा, आणि सगळे त्या आवाजाबरोबर हसायचे. ज्यांच्या घरी टँकरचंच पाणी येत होतं, तेही हसत होते. सरांबद्दलचा किळस मला सवयीचा झाला होता. हा नवा होता.

"हे बघ, शेवटी तुझं नाव बी आलंय की!" भाऊजी कौतुकानं म्हणाले. "तूच बनवली ना?"

"भाऊजी, बंद करा ते."

"अगं, लई भारी आहे. लाजती काय?"

"बंद करा म्हणते ना."

त्यांनी माझ्याकडं चमकून बघितलं आणि फोनचा आवाज बंद केला. खेळ नाही. पुरीचा घास तोंडात तसाच फिरत होता. तो मी हातात काढून घेतला आणि पानावरून उठले.