मळ्यातल्या मोसंबीचं बी

भिंतीपलीकडून दिलीपरावांची हाक आली तेव्हा मी अंगण झाडत होते. "वहिनी, जरा या... सुजाता उठत नाहीये." आवाज नेहमीसारखाच हळू होता, म्हणून मला आधी काही कळलंच नाही. डॉक्टर आले, झोपेतच गेल्याचं त्यांनी सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी त्याच भिंतीला टेकून मेथी निवडत होतो. सिडकोतली आमची रो-हाऊसं एकमेकांना चिकटलेली, मधे कंबरेएवढी भिंत. वीस-बावीस वर्षं आमचं सगळं बोलणं त्या भिंतीवरूनच झालं.

सुजाता बौद्ध कुटुंबातली, दिलीपराव पैठणकडच्या बागायतदार मराठा घरातले. एकाच कचेरीत नोकरीला होते, तिथंच जमलं. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा गावी गेली, तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, त्यांना मळ्याच्या रस्त्यावरच थांबवलं. रागावले नाहीत, वाकडा शब्द बोलले नाहीत. गड्याला सांगून मोसंबीची एक गोणी स्कूटरवर ठेववली आणि ऊन चढायच्या आत निघा म्हणाले, एवढंच. सुजाता हे सांगायची तेव्हा तिचा आवाज कधी चढत नसे. फळं दिली ताई, पाणी नाही विचारलं, असं म्हणायची... आणि मी हातातल्या भाजीकडं बघायची, कारण मीही दादांच्याच जातीतली.

दिलीपराव पुढं एकटेच गावी जात राहिले. येताना पिशवीभर मोसंबी असायचीच. सुजाता ती सगळ्या गल्लीला वाटायची, स्वतः मात्र फोडसुद्धा तोंडात घालायची नाही. एका वर्षी तिनं त्या फळांच्या बिया लावल्या. बियांपासून मोसंबी कुणी करत नाही, सात-आठ वर्षं फळ धरत नाही, वर काटेच काटे, नर्सरीतून कलम आण, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, "कलम कुठलंही मिळतं. मला त्याच मळ्यातलं पाहिजे."

बरीच रोपं मेली. एक जगलं. ते डोक्याएवढं होईस्तोवर तिकडं मळा संपत आला होता. लागोपाठ पाऊस गेला, विहीर आटली, दादांनी टँकरनं पाणी घातलं, तरी झाडं शेंड्याकडून वाळत गेली. शेवटी सगळी तोडावी लागली. दिलीपराव त्या दिवशी गावाहून आले आणि जेवले नाहीत. सुजातानं विचारलं, तर एवढंच म्हणाले की रस्त्यावरून आता थेट विहीर दिसते.

मग तिच्या झाडाला फळ धरलं. ही खबर दादांपर्यंत कशी गेली कोण जाणे, पण एका दुपारी म्हातारा एसटीनं आला आणि मुलाच्या दारी न जाता आमच्या ओट्यावर येऊन बसला. मी चहा दिला. आत कुठंतरी टोचत होतं, पण दारात आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला काय म्हणणार? दिलीपरावांनी भिंतीवरून एक मोसंबी दिली. दादांनी ती फोडली, वास घेतला, एक फोड खाल्ली आणि लगेच दुसरी घेतली. मग म्हणाले, "आपल्याच मळ्यातली हाय. ह्या चवीची कुठं ऱ्हायली नाय." त्यांना त्या झाडाच्या फांद्यांवरचे डोळे, म्हणजे न फुटलेले अंकुर, हवे होते, दुसऱ्या रोपाच्या खुंटावर भरून पुन्हा कलमं करायला.

सुजाता भिंतीपाशी आली. "देते ना, दादा. पण भरताना मी तिथं असणार. घरात उतरणार, मळ्यात येणार."

दादांनी टोपी सारखी केली. इचार करतो म्हणाले आणि निघाले.

तो विचार काही संपला नाही. दोन बहार आले आणि गेले. गावाकडचा फोन आला की ती हातातलं काम थांबवायची, दिलीपरावांच्या तोंडाकडं बघायची, आणि परत कामाला लागायची. मी एकदा म्हटलं, देऊन टाक गं, म्हातारा माणूस आहे. ती माझ्यावर चिडली नाही. पण चार दिवस भिंतीशी आली नाही.

सुजाता गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला दादा आले. मांडवात मागच्या ओळीत बसले. वंदना संपल्यावर उठून, त्या घराचा उंबरा पहिल्यांदा ओलांडून आत गेले आणि पाणी मागून प्यायले. मला रडू आलं. वाटलं, आता तरी... पण मग त्यांनी मुलाला हळूच झाडाच्या डोळ्यांचं विचारलं. दिलीपराव अंगणात गेले, एक मोसंबी तोडून आणली, बापाच्या हातावर ठेवली. "डोळे नाही मिळायचे, दादा. ह्यात बिया आहेत. तिनं लावल्या तशा लावा."

ऐंशीच्या पुढचा माणूस आणि सात-आठ वर्षांचं झाड! नंतर मी दिलीपरावांना बोलले, हे बरं नाही केलंत. ते म्हणाले, बरं नसेलही वहिनी, पण मला दुसरं काही देता आलं नसतं. कोणाचं बरोबर, ते मला अजूनही ठरवता येत नाही.

परवा दादांचा फोन आला, माझ्याच नंबरवर. दिलीपला इचारवत नाय म्हणाले. आणि मग, "ताई, ती कसं करायची?"

इतक्या वर्षांत तिच्याबद्दल त्यांनी विचारलेली ही पहिली गोष्ट. विचारली तीही मला... तरी सांगितलं. बी सुकू द्यायची नाही, लगेच धुवायची, बुळबुळीतपणा जाईपर्यंत. टोकाशी नख लावून वरचं पांढरं साल काढायची, आतल्याला धक्का न लावता. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात, उबेला. कोंब दिसला की मातीत, बोटाच्या पेराएवढं खोल, त्याहून नाही. ते एकेक गोष्ट माझ्यामागून म्हणत होते. मधेच म्हणाले, हळू सांगा. मी हळू सांगितलं.

"आन् नाय उगवलं तर?"

"ती पुन्हा लावायची," मी म्हणाले.