सुनंदाचा उजवा हात

माझ्या बायकोची चार बोटं एका माणसाने दारात घालून मोडली.

चुकून नाही. बघून.

आज सुनंदाला जाऊन एक वर्ष झालं. मी फेसबुकवर फारसं लिहीत नाही, वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो तेवढंच. पण सिस्टरांनी चांगली नोकरी मध्येच का सोडली, असं लोक अजून विचारतात. ती होती तोवर मला सांगू द्यायची नाही. आता सांगतो.

ती धुळ्याला जळीत वॉर्डात स्टाफ नर्स होती.

तिथे येणाऱ्या बायका बहुतेक एकच गोष्ट सांगायच्या. चहा करताना भडका उडाला. आणि सांगताना उशाशी बसलेल्या सासूकडे बघायच्या.

ड्रेसिंगच्या वेळी मात्र नातेवाइकांना बाहेर जावं लागतं. सुनंदा तेवढ्यात विचारून घ्यायची.

एकदा दोंडाईचाकडच्या खेड्यातली एक मुलगी आली. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत जळालेली. सासू उशाशी, दीर दाराशी. मुलीला काही विचारलं की उत्तर सासूच द्यायची.

सुनंदा मूळची जामनेरची, पण धुळ्यात राहून अहिराणी शिकली होती. ड्रेसिंग करताना तिने हळूच विचारलं, "काय व्हयनं माय?"

मुलीने आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "सासूनी धरं. देरनी काडी लाई."

जबाब घ्यायला तहसीलचे साहेब येतील, त्यांना हे सगळं सांगशील का, असं सुनंदाने विचारलं.

"मी बठ्ठं सांगस. पन तू जाऊ नको."

दुपारी साहेब आले. नातेवाइकांना बाहेर काढलं. साहेब आणि डॉक्टर पडद्यामागे तिच्या कॉटजवळ वाकून बसले, कारण तिचा आवाज फार बारीक होता. दाराची कडी लागत नव्हती, म्हणून सुनंदा दार धरून उभी राहिली. दार बाहेर उघडणारं होतं.

दिराने बाहेरून दार ओढलं. सुनंदाने कड धरून परत आत ओढलं. तेव्हा त्याला तिची बोटं दिसली.

त्याने दार आपटलं. उघडलं आणि पुन्हा आपटलं. तिने हात काढला असता तर तो आत आला असता. तिने काढला नाही. शेवटी त्याने दाराला पाय लावला आणि दाबून धरलं.

आवाज साहेबांनी ऐकला. पण जबाबाच्या वेळी नातेवाईक दार वाजवतातच, असं त्यांना वाटलं.

सुनंदा ओरडली नाही.

हवालदार जिना चढून आला तेव्हा दीर पळाला. रक्त कोपरापर्यंत आलं होतं. तिने आधी साहेबांना विचारलं, "पूर्ण झालं का?" ते हो म्हणाले. मग ती खाली बसली.

मुलगी दुसऱ्या दिवशी गेली.

दोन ऑपरेशनं झाली. बोटं जुळली, पण वाकेनात. सुई धरता येईना. ऑफिसने स्टोअरमध्ये हलकं काम देऊ केलं. मीही म्हटलं, घे. ती म्हणाली, "चादरी मोजायला नर्स नव्हते झाले मी." आणि तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली.

निरोप समारंभात शाल दिली, हार घातला. मेट्रन म्हणाल्या, दोन शब्द बोला. सुनंदा उठली आणि म्हणाली, "त्या दाराला कडी बसवा."

एवढंच तिचं भाषण.

घरी भाकऱ्या मी थापायला लागलो. पहिली भाकरी बघून ती म्हणाली, "ही खायची आहे की शिंदखेडा तालुका दाखवायचाय?" त्या वर्षात ती हसली ते बहुतेक माझ्या भाकरीलाच.

केस उभी राहायच्या आधी मुलीच्या सासरची चार जाणती माणसं मिटवायला आली. साडी आणि नारळ घेऊन. त्यातले एक म्हातारे आबा म्हणाले, "अक्का, पोर तं गई. आते जित्ता मानसंस्ले कसाले मारस?"

सुनंदाने डाव्या हाताने त्यांना पाणी दिलं. मग म्हणाली, "आबा, साडी परत न्या. त्या पोरीच्या अंगाला चिकटलेली साडी मी कात्रीने कापून काढली आहे. साडीबरोबर कातडी येत होती."

कोणी पाणी प्यायलं नाही.

कोर्टात त्यांच्या वकिलांनी तिला बराच वेळ उभं ठेवलं. चार बोटं मोडली म्हणता, आणि आतल्या दोन माणसांना कळलंसुद्धा नाही? मागे कोणीतरी हसलं.

"बाई, तुम्ही ओरडला का नाहीत?"

सुनंदा म्हणाली, "ती बोलत होती, साहेब. मी ओरडले असते तर ती घाबरून थांबली असती."

वकील कागद चाळत राहिले. मग म्हणाले, नो मोअर क्वेश्चन्स.

सासू आणि दीर दोघेही आत गेले.

पुढे आम्ही जळगावला मुलीजवळ राहायला आलो. तिथेच गेल्या वर्षी आजच्या दिवशी, सकाळी चहा पिता पिता, सुनंदा गेली. कसलाही त्रास न होता. एवढं तरी तिच्या वाट्याला चांगलं आलं.

वॉर्डातल्या कोणीतरी त्या मुलीच्या वडिलांना कळवलं असावं. दुपारच्या गाडीने ते दोंडाईचाहून आले. मी त्यांना कोर्टानंतर पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे त्रिसरण चालू होतं, ते संपेपर्यंत गेटबाहेर टोपी हातात घेऊन उभे राहिले.

तिरडी उचलायच्या वेळी माझ्याजवळ आले.

"भाऊ, एक खांदा मी देस. मन्ही पोरले द्यायनाच नही व्हता."

पोस्टमॉर्टेमनंतर मुलीला सासरच्यांनी परस्पर नेऊन जाळलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी पुढचा उजवा खांदा सोडला. स्मशानापर्यंत त्यांनी तो कोणाला बदलू दिला नाही.

सुनंदा, तुझ्या स्मृतीला आदरपूर्वक अभिवादन.

जय भीम.