अंगदभाऊजींची जीभ

आमचे अंगदभाऊजी खाण्यातले दर्दी. आष्टीकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला हा माणूस वेल्डिंग शिकून पोलंडला गेला आणि तिथं बर्गरच्या नादी लागला. दर रविवारी नवं दुकान. इकडं दुपार कलली की व्हिडिओ कॉल यायचा.

"वहिनी, हे बघा, मेंढीच्या दुधाचं धुरी दिलेलं चीज. वर लाल आंबट फळांचा मुरंबा."

मोठ्याचं मटण चालत नाही एवढं दुकानात आधी सांगायचे. बाकी काही वर्ज्य नव्हतं.

"जन्मभर मेंढरं मी राखली," माझ्या सासूबाई, बायडाबाई, मधेच म्हणायच्या, "अन् आता हा मला दूध शिकवतोय."

गेल्या नोव्हेंबरात ते एका रस्त्याच्या वळणावरून बोलत होते. तिथं लाकडी क्रूस, काचेतला दिवा, फुलांचा ढीग आणि पुढं कागदात गुंडाळलेला बर्गर. अजून वाफ निघत होती.

"देवस्थान दिसतंय," ते म्हणाले.

आमच्यात बिरोबाला निवद दाखवला की तिथं जो असेल त्यानं घास घ्यायचा, नाही म्हणायचं नाही. भाऊजींनी हात जोडले आणि घास मोडला. वाऱ्यानं फुलं सरकली. मागं एका तरुणाचा फोटो होता.

"अंगदा, थुक ते," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांनी गिळलं होतं.

दुसऱ्या दिवशी जिभेची चव गेली. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. मी पाठवलेला काळा मसाला त्यांनी चमच्यानं खाऊन बघितला.

"माती हाय, वहिनी."

खाण्यावर जीव टाकणारा माणूस महिनाभरात निम्मा झाला.

"दुसऱ्याचा घास खाल्लास," सासूबाईंनी सांगितलं. "ज्याचा हाय त्याच्या माणसाची माफी माग."

बर्गरच्या कागदावर दुकानाचं नाव होतं. भाऊजी तिथं गेले. गल्ल्यावरच्या म्हातारीला त्यांनी मोडक्यातोडक्या भाषेत सगळं कबूल केलं. ती रागावली नाही. तिचा मुलगा तोमेक त्या वळणावर अपघातात गेला होता. तीन वर्षं ती त्याच्यासाठी तिथं बर्गर ठेवत होती आणि संध्याकाळी तसाच परत आणत होती. त्या दिवशी तो उष्टा दिसला, तेव्हा कुठं तिला झोप लागली.

तिनं एक बर्गर करून भाऊजींपुढं ठेवला. पहिल्याच घासाला त्यांना मीठ लागलं.

तेव्हापासून चव लागते ती फक्त तिथं. यंदा जत्रेला ते आले नाहीत. "येऊन खाऊ काय?" म्हणाले.

परवाच्या रविवारी सासूबाईंनी स्वतः फोन लावला. भाऊजी त्याच दुकानात जेवत होते, चेहरा छान भरला होता.

"अंगदा, कवा येतूस?"

ते चावत राहिले.

"अंगदा, मी काय इचारते?"

आतून म्हातारीनं हाक मारली, "तोमेक."

भाऊजी लगेच वळले, तिच्या भाषेत काहीतरी म्हणाले आणि उठून आत गेले. फोन टेबलावर तसाच चालू होता. सासूबाई रिकाम्या खुर्चीला हाका मारत राहिल्या.