डाव्या बाहीची जादा पट्टी

काकांना मारायचा त्याचा तसा काही विचार नव्हता. तीन कडव्यांपर्यंत काका कवितेत नव्हतेच, आणि कवितेत नसणं तब्येतीला बरं असतं. पण चौथ्या कडव्यात त्याने ‘शिवता शिवता धागा तुटला’ असं लिहिलं आणि गाडी अडली. धागा तुटल्यावर यमकासाठी काहीतरी सुटायला हवं होतं. तासभर शोधूनही जवळपास सुटण्यासारखं काही दिसेना, तेव्हा ‘श्वास धन्याचा रणी सुटला’ असं लिहून तो मोकळा झाला.

धनी म्हणजे काका. ते त्या वेळी खालच्या खोलीत बसून चष्म्याची मोडकी काडी दोऱ्याने बांधत होते.

हा त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहायचा. कॉलेजचं दुसरं वर्ष, विषय इतिहास, आणि मिशीच्या आधी कविता फुटलेली. गावाकडे वडील त्याला ‘कवी’ म्हणायचे. ते कौतुकाने नव्हे. इथे आल्यावर काकूंनीही तेच नाव उचललं, त्यामुळे त्याला घरापासून लांब आल्यासारखं वाटलं नाही.

कवितेचं खूळ मात्र या खेपेला त्याचं एकट्याचं नव्हतं. इतिहासाच्या बाईंनीच वर्गात सांगितलं होतं, की सेनापती आणि तह पुरे झाले, युद्धात ज्याच्याकडे कोणी मान वळवून पाहिलं नाही अशा माणसावर कविता लिहून आणा, शहराच्या स्पर्धेला पाठवू. नऊ जणांनी घोड्यावर लिहायचं ठरवलं, चौघांनी कबुतरावर, उरलेल्यांनी आईवर. घोडा हा माणूस नव्हे, असं बाईंनी म्हणून पाहिलं.

कवीला मात्र हवं ते माणूस घरातच सापडलं. गल्लीतल्यांचे कपडे आखूड-लांब करून देणाऱ्या काकू युद्धाच्या तीन वर्षांत लष्करी कपड्यांच्या कारखान्यात होत्या, असं त्याला कळलं. एका दुपारी तो वही घेऊन खाली आला.

“काय शिवायचात तिथे?”

“डावी बाही.”

“आणि?”

“आणि काय? डावी बाही. तीन वर्षं.”

त्या कारखान्यात अख्खा शर्ट कोणीच शिवत नसे. एक बाई कॉलर करायची, एक खिसा, एक काजं. मुकादम बायकांना कामावरूनच हाक मारायचा. कॉलर होती ती जरा ताठच वागायची. काकूंचं नाव ‘डावी’, आणि शेजारच्या मशीनवर बसायची ती ‘उजवी’. चाळीस वर्षं झाली, कारखाना बंद पडला, तरी त्या दोघी एकमेकींना ‘डावे’ आणि ‘उजवे’ म्हणूनच हाक मारत होत्या.

“डाव्या बाहीला खांद्याखाली एक पट्टी असायची, बिल्ला लावायला,” काकू म्हणाल्या. “उजवीला नाही. म्हणून तिचं डझन आधी व्हायचं. मग ती बसायची माझ्या बाह्यांचे सुटे दोरे कातरत. मुकादमाने एकदा हटकलं तिला, रिकामी का बसलीस म्हणून. तर म्हणाली, हिची बाही झाल्याशिवाय माझी काय नुसती हवेत लावणार?”

मग काकूंनी तारेची गोष्ट सांगितली. एक दिवस उजवीला तार आली, आघाडीवर नवरा पडल्याची. तिने हातातलं डझन पुरं केलं, मशीनवर फडकं टाकलं आणि गेली. आठ दिवस तिच्या बाह्याही काकूंनीच शिवल्या. हाताला सवय डावीची. दोन डझन उजव्या बाह्यांनाही पट्ट्या लागून गेल्या, आणि ते लक्षात येईपर्यंत गठ्ठे बांधून आघाडीवर रवाना झाले होते.

“म्हणजे चोवीस सैनिक दोन्ही हातांना पट्ट्या घेऊन लढले?”

“लढले असतील. तक्रार आली नाही. पंचविसावी एक बाही तेवढी मागे राहिली होती. नवव्या दिवशी उजवी कामावर आली, तर तिच्या मशीनवर तीच. म्हणाली, डावे, हे काय? मी म्हटलं, उजवी बाही. ती म्हणाली, हिला पट्टी कशाला? आणि हसायलाच लागली. थांबेचना. नवरा गेलेली बाई हसते म्हणून कॉलरने तोंड वाकडं केलं.”

ती बाही काकूंनी मागून घेतली होती. आत चिंध्या भरून, दोन्ही तोंडं शिवून तिची उशी केलेली होती, आणि त्या उशीवर काकू सुया टोचून ठेवायच्या.

कवीने सगळं वहीत उतरवलं आणि वर जाऊन विचार केला. पट्ट्यांचा प्रसंग त्याला फारसा काव्यमय वाटला नाही. शिवाय एका कवितेत दोन बायका म्हणजे गर्दी होत होती. एक शिवणार, दुसरीचा नवरा जाणार. त्यापेक्षा जी शिवते तिचाच गेला, तर काम आटोपशीर होत होतं. त्याने उजवीला गाळलं आणि काकांना रणात पाठवलं.

‘रिकामी बाही’ ही कविता शहरात पहिली आली. रविवारच्या पेपरात काकूंच्या फोटोसकट छापून आली. फोटोखाली ‘वीरपत्नी’ असं लिहिलं होतं. पेपर काकांनीच आणला.

“अगं, मी गेलो,” ते वाचता वाचता म्हणाले.

“कुठे?” काकूंनी आतून विचारलं.

“रणात. आज छापून आलंय.”

कवी जिन्यात उभा होता. “काका, त्याला काव्यस्वातंत्र्य म्हणतात.”

“म्हणत असतील. पण मी सगळं युद्धभर मालधक्क्यावर वजनकाट्याला होतो रे. तिथे माणसाचं फार तर बोट चेमटतं.”

काका सरळमार्गी माणूस. दुसऱ्या दिवशी ते स्वतः पेपरच्या कचेरीत गेले. संपादकांनी त्यांना आदराने बसवून घेतलं आणि सांगितलं, की गद्य असतं तर दुरुस्ती छापली असती, कवितेची छापायची पद्धत नाही. परतताना ज्या दुकानातून ते तीस वर्षं दाढीचं ब्लेड घेत होते, त्या दुकानदाराने आवाज खाली आणून विचारलं, “आपण काकूंचे कोण लागता?”

मग गुरुवार आला, आणि उजवी आली नाही.

दर गुरुवारी चारला उजवी यायची. काकूंच्या नजरेला आताशा सुईचं नाक दिसत नसे, म्हणून ती आठवड्याच्या पंचवीस सुया ओवून त्या बाहीच्या उशीवर ओळीने टोचून जायची. काकू एकेक संपवत जायच्या. पुढच्या गुरुवारीही ती आली नाही, तेव्हा पुरवून वापरूनही उशीवर ओवलेल्या चारच सुया उरल्या होत्या. कवीने ओवून द्यायला हात पुढे केला. काकूंनी उशी मांडीखाली घेतली.

“काकांना मारलंस त्याचं काही नाही,” त्या म्हणाल्या. “ते मनावर घेत नाहीत.”

“घेतलंय,” काका बाहेरून म्हणाले.

“पण तिचा खराच गेला होता. तो तू उचलून माझ्या पदरात टाकलास. चाळीस वर्षांत त्याच्याबद्दल पेपरात दोन शब्द आले नाहीत, आणि आले तेव्हा वर फोटो माझा. ती कशी येईल? आणि मी कोणत्या तोंडाने बोलावू?”

“मी जातो त्यांच्याकडे.”

“जा. पण तिथे यमक जुळवू नकोस.”

उजवीमावशी दोन गल्ल्या पलीकडे, कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर राहायच्या. त्यांनी दार साखळीपुरतं उघडलं.

“काकूंकडे वर राहतो तो मी.”

“कवी. वीरपत्नी बरी आहे ना?”

“मावशी, माझी चूक झाली.”

“चूक कशी? उजव्या बाहीला पट्टी लागते ती चूक. तू समजून-उमजून लावलीस.”

खालून कानस घासल्याचा आवाज येत राहिला.

“आता काय करू?” त्याने विचारलं.

“उसवता येतं?”

“नाही.”

“आम्हाला पहिले पंधरा दिवस तेच शिकवलं. मग शिवायला दिलं.” त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, नीट लावलं. ते त्याला जास्त लागलं.

बक्षीस समारंभ शनिवारी सकाळी अकराला नगरपालिकेच्या सभागृहात होता. त्यात काकूंना मानपत्र मिळणार होतं, आणि कविता शहराच्या युद्धस्मृती ग्रंथात जाणार होती. एकदा ग्रंथात गेली की काका कायमचे गेले, आणि त्यांच्याबरोबर उजवीही. कवीने बाईंना गाठून सगळं सांगितलं. बाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

“कविता मागे घेतलीस तर बक्षीस जाईल. अकरा खंड आहेत इतिहासाचे.”

“सेनापती आणि तहांचे?”

“हो.”

“जाऊ देत.”

शुक्रवारी त्याने उजवीमावशींच्या दाराखालून एक चिठ्ठी सरकवली. ‘उद्या अकराला उसवणार आहे. यावं.’

शनिवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. जिवंत असण्यासाठी म्हणून मुद्दाम कपडे करायची त्यांची पहिलीच वेळ. काकू मंचावर होत्या. अध्यक्ष काकूंच्या दिवंगत पतीबद्दल भरभरून बोलले. देखणा, तडफदार जवान, असंही ते म्हणाले. काका खोकले, पण त्यांनी विरोध केला नाही.

मग कवीला कविता वाचायला बोलावलं. त्याने खिशातून दुसराच कागद काढला.

“छापलेल्या कवितेत मी एक खोटं घातलं होतं,” तो म्हणाला. “ती मागे घेतो. ही दुरुस्ती आहे. हिला यमक नाही.”

*डाव्या बाहीला खांद्याखाली एक पट्टी असायची,*
*म्हणून डावीला उशीर व्हायचा*
*आणि उजवी थांबायची.*
*तार आली ती उजवीला.*
*हातातलं डझन तिने पुरं केलं.*
*आठ दिवस डावीने दोघींच्या बाह्या शिवल्या*
*आणि पट्ट्या दोन्हीकडे लावल्या.*
*चोवीस शर्ट गेले.*
*तक्रार आली नाही.*
*नवरा गेला तो उजवीचा.*
*डावीचा पहिल्या रांगेत बसलाय.*

टाळ्या कुठे वाजवायच्या ते कोणाला कळेना. काका अर्धवट उठून पुन्हा बसले. अध्यक्ष माईकवर हात ठेवून काकूंकडे झुकले, पण हात नीट बसला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

“म्हणजे आपण वीरपत्नी नाही?”

“नाही,” काकू म्हणाल्या. “मी डावी बाही.”

मानपत्राचं काय करायचं यावर मंचावर कुजबूज सुरू झाली. शेवटी कोणीतरी कागदाची एक पट्टी कापून ‘वीरपत्नी’वर चिकटवायला घेतली. ती सुकेपर्यंत सगळे बसून राहिले. तेवढ्यात काकूंची नजर मागे गेली. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, उजवीमावशी पिशवी उचलून उठत होत्या.

“उजवे,” काकूंनी मंचावरूनच हाक मारली, “थांब. मला उशीर होईल.”

उजवीमावशी दारात क्षणभर उभ्या राहिल्या. मग परत येऊन खुर्चीत बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

“थांबलेय,” त्या म्हणाल्या.

अकरा खंड दुसऱ्या क्रमांकाला, म्हणजे घोड्याला गेले.

त्या गुरुवारी चारला उजवीमावशी आल्या. डोळे न उचलता पंचवीस सुया ओवल्या, बाहीच्या उशीवर टोचल्या, मग जिन्याकडे तोंड करून हाक मारली. कवी खाली आला.

“उसवलंस ते बरं केलंस. पण हिच्या पदरातून काढलास तो ठेवलास कुठे? एवढ्या त्या ओळी, त्यात माझ्या माणसाच्या वाट्याला ‘तार आली’ आणि ‘गेला’, एवढंच. डावीच्या नवऱ्याला बसायला खुर्ची तरी दिलीस.”

“पहिल्या रांगेत,” काका म्हणाले.

“एक कडवं देणं लागतोस तू माझं.”

“लिहितो, मावशी. कसे होते ते?”

“एका दमात नाही सांगणार. एका गुरुवारी एक.” त्यांनी कात्री पिशवीत टाकली. “त्याला कुठल्याही शर्टाच्या बाह्या लांब व्हायच्या. दुमडायचा. हे आजचं.”

त्याला आता अकरा गुरुवार झाले. कवीच्या वहीत लांब बाह्या आहेत. कुत्र्याला भिऊन मावशींचा माणूस रस्ता ओलांडायचा, हेही आहे. आघाडीवर जाताना कंगवा विसरला आणि तो घ्यायला परत आला, हेही आहे. त्यांतल्या कशालाच यमक जुळत नाही, आणि यमकाशिवायही काही जमलेलं नाही. दोनदा त्याने चार ओळी खाली आणून दाखवल्या. मावशींनी चष्मा काढून वाचल्या, घडी घातली आणि परत दिल्या.

“यात मी कुठे नाही ना?” काका प्रत्येक वेळी आधी विचारून घेतात.

परवा जाताना उजवीमावशींनी नेहमीप्रमाणे बाहीच्या उशीवर बोट फिरवून मोजलं.

“डावे, पंचवीस झाल्या गं,” त्या म्हणाल्या. मग चपला घालता घालता वर माडीकडे पाहिलं. “त्याचं एक राहिलंय.”