खंगणे, तीन अक्षरी

शहापूरचे शरदराव बेळगावच्या कोर्टात दिवाणी दावे चालवायचे. आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचायचा. बायको विनोदिनीबाई मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. सकाळी चहाबरोबर पेपरातलं शब्दकोडं दोघं भांडत सोडवायचे. संसारातला त्यांचा सगळ्यात आवडता वेळ तो.

मग एकदा वकालतनाम्यावर सही करताना शरदरावांच्या हातून पेन गळून पडलं. पुढं शर्टाची बटणं लागेनात. नंतर जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, स्नायू चालवणाऱ्या नसाच मरत चालल्यात. बुद्धी शाबूत राहील, बाकी एकेक जात राहील. औषध नाही.

कोड्याचं पेन विनोदिनीबाईंकडं आलं. त्या वाचायच्या, शरदराव उत्तर सांगायचे. एका सकाळी वाचता वाचता त्या एक ओळ गाळून पुढं गेल्या.

"सात आडवा राहिला," शरदराव अडखळत म्हणाले.

"असू दे हो, सोपा आहे."

"वाच."

"हळूहळू अशक्त होत जाणे. तीन अक्षरी."

"झिजणे."

"बसत नाही. उभ्यात खंदक आलाय."

शरदराव हसले. हसताना ठसका लागला. त्यांना सावरून बसवावं लागलं.

"मग खंगणे लिही की. लिहायला काय भितीस गं? रोज बघतीस न्हवं?"

त्यांनी लिहिलं. आयुष्यभर फळ्यावर वळणदार लिहिलेल्या बाईंची अक्षरं वाकडी आली.

दिवाळीनंतर आवाज पुरता गेला. बेंगळुरूहून लेक श्रिया आली, तिनं बाराखडीचा तक्ता भिंतीवर लावला. विनोदिनीबाई तक्त्यावर बोट फिरवायच्या. हवं ते अक्षर आलं की शरदराव डोळे मिटायचे. एका शब्दाला चहा गार व्हायचा, तरी बाईंनी कोडं चुकू दिलं नाही. ते संपलं तर आपल्या दोघांत बोलणं म्हणून काय उरणार, हीच त्यांना धास्ती.

उन्हाळ्यात एकदा त्यांनी वाचलं, "हळूहळू नाहीसे होणे. वि पासून." बोट फिरू लागलं. शरदरावांनी 'सो'वर डोळे मिटले, मग 'ड'वर.

"अहो, हे कसं बसेल?"

पुन्हा सो. पुन्हा ड.

बाईंचं बोट तक्त्यावरच थांबलं. "कोडं सोडू म्हणता? का… तुम्हाला सोडू?"

शरदरावांनी डोळे मिटले. कुठल्या प्रश्नाला, ते बाईंना कळलं नाही. पुन्हा विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

त्या दिवसापासून शरदरावांनी तक्त्याकडं पाहिलंच नाही. बाई बोट फिरवायच्या, ते छताकडं बघत पडून राहायचे. आषाढात एका दुपारी पेज भरवताना ती श्वासनलिकेत गेली. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

"आई, शेवटी बाबा काय सांगत होते काय गं?" श्रियानं विचारलं.

"काय न्हाय," विनोदिनीबाई म्हणाल्या, आणि पेजेची वाटी घासायला घेतली.