हो की नो

माझी मुलगी कॉलेजात मैत्रिणींना सांगायची, "बाबा पहले पार्लमेंट में थे." हे खोटं नव्हतं. मी पार्लमेंटमध्ये होतो, फक्त वरच्या सज्जात, प्रेक्षकांत, आणि तेही तासाभराच्या पासावर.

दिल्लीला मी आलो होतो कलेक्टर व्हायला. परीक्षेनं तीनदा नम्रपणे नकार दिला. गावी परत जाऊन काय तोंड दाखवायचं, म्हणून आणखी थोडा थांबलो, आणि त्या थोड्यातच नोकरी, लग्न, मुलगी आणि गाझियाबादचा फ्लॅट हे सगळं होऊन गेलं. नोकरी आमच्याच भागाच्या खासदारांकडे लागली. त्यांना दिल्लीत बसून शुद्ध मराठी लिहिणारा माणूस हवा होता. साहेब बोलायला लागले की हजार माणसं हलायची नाहीत, पण हातात पेन आलं की घाम यायचा. तो घाम पुसायचा पगार मला मिळे. दिवाळीच्या शुभेच्छा, कुणी गेलं की सांत्वन, दहावीच्या मुलांचं अभिनंदन आणि दर महिन्याला मतदारसंघासाठी एक पत्रक. पत्रक साहेबांच्या नावानं, 'मी' असं लिहिलेलं. म्हणजे महिन्यातून एकदा मी खासदार व्हायचो.

बायकोला याची फार गंमत वाटे. ती दिल्लीतच वाढलेली, तिचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. तिच्या मराठीत निम्मी हिंदी. "पत्रकात लिहितोस, मी कडाडून विरोध केला," ती म्हणायची, "आणि टँकरवाल्यासमोर काय, तर भैया, थोडा देख लो ना."

टँकर लागायचा, कारण आमच्या कॉलनीत इमारती आधी आल्या होत्या आणि पाणी मागून यायचं होतं. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. तिथला प्रत्येक माणूस कशाची तरी वाट बघत होता: फोनची, पक्क्या रस्त्याची, परदेशी कंपनीतल्या मुलाखतीच्या उत्तराची. शेजारच्यांचा मुलगा टाय लावून शीतपेय विकणाऱ्या कंपनीत जायला लागला तेव्हा त्यांनी मजल्यावर लाडू वाटले होते. देश मोकळा होतोय, असं चार्टर्ड बसमध्ये सगळे म्हणायचे आणि यमुनेच्या पुलावर अडकून पडायचे.

देश मोकळा होत होता तेव्हा माझा मोठा भाऊ आमच्या गावाजवळच्या सरकारी कारखान्यात सुपरवायझर होता. कारखाना विकायचा की ठेवायचा, यावर दिल्लीत खल चालला होता. असे कारखाने विकायची वाट मोकळी करणारं एक विधेयक येणार होतं. कारखान्यानं त्याआधीच स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली होती. शनिवारपर्यंत अर्ज भरला तर बरी रक्कम घेऊन घरी जा. नाही भरला आणि पुढे कारखाना विकला गेला, तर नवा मालक ठेवील तसे राहा. दादाची दोन्ही मुलं शिकत होती. त्याला अर्ज भरायचा नव्हता. कारखाना सरकारचाच राहिला तर भरायची गरजच नव्हती. राहणार की नाही, एवढंच त्याला हवं होतं.

आणि याचं उत्तर तो माझ्या पत्रकांत शोधत होता. 'कारखान्याच्या विटेलाही हात लावू देणार नाही' हे वाक्य माझं. गाझियाबादला, लाईट गेलेली असताना, पायरीवर बसून सुचलेलं. साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी ते गावोगाव भिंतींवर रंगवून घेतलं. दादा प्रत्येक पत्रक कारखान्याच्या फळ्यावर लावायचा आणि सांगायचा, "आमच्या धाकट्यानं लिहिलंय." त्यामुळे खात्यातली बाकीची माणसंही अर्ज हातात धरून दादाच्या तोंडाकडे बघत बसली होती.

विधेयकाच्या आठवड्यात दादा रोज दुकानातल्या एसटीडीवरून फोन करायचा. आमच्याकडे फोन नुकताच आला होता आणि बायको त्यावर क्रोशाचा रुमाल घालायची.

"ते विरोधात मत देणार ना?"

"पत्रकात लिहिलंय ना दादा."

"ते तू लिहिलंयस. मी त्यांचं विचारतोय. याआधी त्यांनी कुठे काय मत दिलं, ते छापलेलं असेल ना कुठे?"

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी साहेबांची मतं लिहीत होतो. त्यांनी दिलेली मतं कधी बघितली नव्हती. म्हणून मी कामकाजाचे जाड छापील खंड काढून चाळले. साहेबांचे प्रश्न होते, रेल्वेच्या थांब्यावरचं भाषण होतं. पण मत म्हणाल तर जवळजवळ सगळीकडे एकच ओळ, 'प्रस्ताव स्वीकृत हुआ'. कोणी स्वीकारला, कोणी नाही, काही नाही. नावं फक्त तिथे होती जिथे कुणीतरी उठून मतविभाजन मागितलं होतं, म्हणजे घंटा वाजवून, दारं बंद करून, बटण दाबून मत घ्यायला लावलं होतं. बाकी सगळं ध्वनिमत. आपल्या आवाजात दुसऱ्याचा आवाज मिसळला की झालं.

हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मग तू तिथे जाऊन ऐक. आवाज ओळखतोस ना त्यांचा?"

आवाज मी झोपेतही ओळखला असता. अडचण वेगळी होती. साहेब मराठी माणूस. सभागृहात सगळे हिंदीत 'हाँ' म्हणायचे नाहीतर इंग्रजीत 'आय'. साहेबांच्या तोंडून सवयीनं निघायचा 'हो'. त्यावरून शेजारच्या बाकावरचे त्यांची थट्टा करायचे. नकार द्यायचा झाला की मात्र साहेब इंग्रजीत 'नो' म्हणायचे, कारण त्यांच्या मते 'ना' म्हटलं की माणूस लाडात आल्यासारखा वाटतो.

विधेयकाच्या दिवशी सकाळपासून मी घरात एका जागी ठरलो नाही. दाढी अर्धी करून बाल्कनीत गेलो, परत आलो, बूट घालून पुन्हा काढले.

"तू पंखा आहेस का?" बायको म्हणाली. "पंखा पण लाईट असली की फिरतो यार. बस ना जरा."

"उशीर होईल."

"मत तू देणार आहेस की साहेब?"

सज्जात जाताना पेन, कागद, छत्री सगळं बाहेर काढून घेतात. वर बसलं की पायावर पाय टाकायचा नाही; टाकला तर मागून कर्मचारी येऊन खांद्याला हात लावतो. माझ्या खांद्याला त्या दिवशी दोनदा लागला. खाली साहेब आपल्या बाकावर होते, चष्मा पुसत. त्यांच्या पक्षाचा आदेश होता की विधेयकाच्या बाजूनं मत द्यायचं. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि मतदारसंघात कुणालाच माहीत नव्हतं, कारण ते मी लिहिलं नव्हतं.

चर्चा संपली. पीठासीन अधिकाऱ्यांनी विचारलं, बाजूचे आहेत त्यांनी हाँ म्हणावं. एकच गलका. साहेबांचं तोंड बंद. माझ्या अंगावर काटा आला, अगदी खरा. मग विरोधात आहेत त्यांना विचारायला त्यांनी सुरुवात केली. वाक्य अजून पुरं व्हायचं होतं, एका बाजूची 'हाँ' अजून विरली नव्हती, दुसऱ्या बाजूची 'ना' घाईनं निघाली होती, आणि बरोबर त्या फटीत साहेबांचा खणखणीत आवाज आला:

"ओ."

त्याच्या पुढचं अक्षर, म्हणजे खरं तर मागचं, गोंगाटात गेलं. 'हो' होता की 'नो', मला कळलं नाही. आणखी कुणालाच कळलं नसावं. मतविभाजन कुणी मागितलं नाही. विधेयक मंजूर झालं.

संध्याकाळी साहेबांनी मला आपल्या राज्याच्या अतिथिगृहात बोलावलं. तिथे पोहे मिळत, आणि पोहे समोर असले की साहेब खरं बोलत. माणूस वाईट नव्हता. गावाहून आजारी माणूस आला की स्वतः हिंदूराव रुग्णालयात जाऊन खाट मिळवून द्यायचा, रात्री डबा पाठवायचा.

"पत्रक आज पाठवायचं," ते म्हणाले.

"काय लिहू?"

"तू वर होतास. काय ऐकलंस?"

"ओ ऐकलं."

साहेब हसले नाहीत. त्यांनी पोह्यातली मिरची उचलून बाजूला ठेवली. "मग बरोबर ऐकलंस."

"साहेब, पण ओच्या आधी काय होतं?"

"आधी पक्ष होता," ते म्हणाले, "नंतर मतदारसंघ. दोघांच्या मध्ये जेवढी जागा होती, तेवढं मी बोललो. विरोध केला म्हणून लिही. नाही म्हणायला कोण येणार आहे?"

"मतविभाजन मागितलं असतंत तर..."

"तर बटणावर नाव उमटलं असतं. मग पुढच्या वेळी तू दुसऱ्या कुणाचं तरी मराठी लिहीत बसला असतास." थोडा वेळ ते खात राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुझा भाऊ आहे ना तिथे? त्याला म्हणावं, अर्ज भरून टाक. कारखाना राहत नाही. आणि हे तुझ्या भावापुरतं. माझं नाव कुठे नको."

गाझियाबादच्या बसमध्ये मला बसायला जागा होती, तरी मी उभाच राहिलो. बाहेर नव्या गाड्यांच्या जाहिराती एकामागून एक जात होत्या. मनातल्या मनात मी दादाला वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगून बघत होतो. इतकी पत्रकं लिहिली, पण हे एक वाक्य जमेना.

घरी पोचतोय तोच फोन वाजला. बायकोनं रुमाल बाजूला केला आणि माझ्या शेजारीच उभी राहिली.

"ऐकलंस?" दादा म्हणाला.

"ऐकलं. ओ म्हणाले."

"म्हणजे?"

"हो असेल, नो असेल. फक्त ओ ऐकू आला, दादा."

मग दादा म्हणाला, "हाक मारली तर ओ दिला, एवढं तरी म्हणता येईल." तो हसला, मग थांबला. "बरं, ते सोड. भरू की नको?"

मी त्याला अतिथिगृहातलं सगळं सांगितलं. मिरचीसकट.

"हे पत्रकात येणार?"

"नाही. पत्रकात विरोध. हे फक्त तुझ्यापुरतं."

"माझ्यापुरतं," दादा म्हणाला. "अरे, फळ्याखाली चाळीस माणसं माझ्याकडे बघून थांबलीत. मी गुपचूप भरून येऊ आणि त्यांना तुझं पत्रक वाचून दाखवू?"

"साहेबांचं नाव बाहेर आलं तर माझी नोकरी जाईल, दादा."

"जाईल का?"

मी बायकोकडे बघितलं. तिला सगळं ऐकू जात होतं. ती म्हणाली, "दादांना बोल, सांगून टाका. तू कुठे तरी लागशीलच यार. इथे सगळे कुठे ना कुठे लागतायत." हे ती धीर देण्यासाठी म्हणाली की चिडून, हे मी अजूनही तिला विचारलेलं नाही. मी तिचं वाक्य जसंच्या तसं दादाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दादानं गेटवर सगळ्यांना सांगितलं, खासदारांनी निरोप दिलाय, अर्ज भरा. त्यानं माझं नाव घेतलं नाही, साहेबांचं घेतलं. शनिवारी खिडकीपाशी रांग लागली. दादा शेवटी उभा राहिला, सगळ्यांचे अर्ज जाईपर्यंत.

सोमवारी साहेबांसमोर गावाकडचं वर्तमानपत्र पडलं होतं. मी दारातच थांबलो. नोकरी गेल्याचं माझं मनात दोनदा ऐकून झालं होतं. साहेबांनी बातमी पुन्हा वाचली, चष्मा काढला, आणि मला म्हणाले, "बस. नवं पत्रक घे. कामगारांनी जो निर्णय घेतलाय, त्याच्या पाठीशी मी ठामपणे उभा आहे."

"आधीच्या पत्रकात विरोध आहे, साहेब."

"विरोध केलाच होता. आता पाठीशी आहे. दोन्ही वाक्यं नीट बसव. तू कलेक्टर व्हायला आला होतास ना?"

मी बसवली. चांगली बसली, हे सांगायला लाज वाटते. दुपारी फॅक्स केला. संध्याकाळी दादाचा फोन आला. आता कामावर जायचं नव्हतं, तो दुपारीही करू शकला असता, पण एसटीडीचा दर कमी होईपर्यंत थांबायची सवय गेली नव्हती.

"पत्रक वाचलं," तो म्हणाला. "फळ्यावर लावलं नाही. अर्ज दिल्यापासून मला आत सोडत नाहीत." मग म्हणाला, "एक विचारायचं होतं. पाठीशी म्हणजे मागेच ना?"

"हो," मी म्हणालो, "मागेच."

"मग शब्द बरोबर वापरलायस," दादा म्हणाला, आणि वहिनीला फोन दिला.