गोटमारीचं मैदान

त्या खेळात मार लागलेला माणूस पुन्हा उठायचा. तो उठू नये, अशी व्यवस्था मी केली. तेव्हा मी नववीत होतो. वय लहान होतं, कळत नव्हतं, असं स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. मला कळत होतं.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास मध्य प्रदेशाच्या हद्दीतल्या पांढुर्ण्यात, आमच्या शाळेत सरकारी योजनेतून दोन कॉम्प्युटर आले. प्रयोगशाळेशेजारची खोली रिकामी करून तिला जाड पडदे लावले. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. किल्ली विज्ञानाच्या सरांकडे असे. यंत्रं बसवायला नागपूरहून आलेला माणूस जाताना एका कॅसेटमध्ये एक खेळ ठेवून गेला. दोन्ही कॉम्प्युटर एका वायरने जोडायचे. या पडद्यावरून एकाने आपला माणूस चालवायचा, त्या पडद्यावरून दुसऱ्याने. मध्ये भिंतींचा भूलभुलैया आणि त्याच्या मधोमध झेंडा. वरून आगीचे गोळे पडत. गोळा लागला की माणूस आपल्या घरी परत जाई आणि तिथून पुन्हा निघे. जो आधी झेंड्याला हात लावेल तो जिंकला.

पांढुर्ण्याच्या पोरांना दोन बाजू आणि मधला एक झेंडा दाखवल्यावर दुसरं काय आठवणार? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, आणि दोन्हीकडून गोटे. डोकी दरवर्षी फुटतात. एखाद्या वर्षी माणूस जातो.

त्या वर्षी माझ्या मित्राचा मामा गेला.

मित्र लोधीखेड्याजवळच्या खेड्यातला. मामाला मूलबाळ नव्हतं, म्हणून भाच्याला शिकवायला त्याने सावरगावात आपल्या घरी आणून ठेवलं होतं. मामा जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलायचा. कामावर जाताना भाच्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेपर्यंत सोडायचा आणि आम्ही हसलो की घंटी वाजवून आम्हालाच चिडवायचा. तो गोटमार खेळणारा नव्हता. डोक्याला पिवळा दुपट्टा बांधून नुसता बघायला उभा होता. मी समोरच्या काठावर होतो, मोठ्यांसाठी गोट्यांचे ढीग लावत. पिवळा दुपट्टा मला इकडून दिसत होता. तो आधी खाली बसला, मग एका कुशीवर आडवा झाला. नागपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मित्र काही दिवसांनी शाळेत आला. वर्गात तो कोणाशी बोलेना. मामी कापूस वेचायला जाऊ लागली होती. त्याला गावी परत पाठव, असं तिच्या माहेरचे सांगत होते, पण ती ऐकत नव्हती. "मामी म्हनते, ह्यानं शिकावं असं त्याहिच्या मनात होतं," एवढं त्याने मला सांगितलं. कॉम्प्युटरच्या खोलीत मात्र त्याला कंठ फुटायचा. तिथे त्याच्या घरचा विषय कोणी काढत नसे. इकडे त्याला धरून ठेवणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या होत्या, मामीचा हट्ट आणि ती खोली.

खेळातल्या भिंतींचं गुपित त्यालाच सापडलं.

"हे पाह्य," तो म्हणाला. "भिंत म्हंजे नुसता आकडा हाय. आकडा बदलला का भिंत गायब."

"मंग आपुन पाह्यजे तिथं भिंत ठेवू शकतो?"

"भिंत ठेव, पानी ठेव, झाड ठेव. तुह्या बापाची संत्र्याची बाग ठेव."

त्यावरून आम्ही मैदान बनवायचा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर एक चौकट लुकलुकायची. ती बटणांनी हलवायची आणि हवं तिथे भिंत, पाणी, झाड, झेंडा मांडायचा. झालेलं मैदान कॅसेटवर भरून ठेवायचं. दुसरा एक भाग होता आकार बदलायचा. छोट्या छोट्या चौकोनांतले काही भरायचे, काही रिकामे सोडायचे, की आगीच्या गोळ्याचं संत्रं व्हायचं. डोकं बहुतेक त्याचं, टायपिंग बहुतेक माझं. मध्येच लाइट जायची आणि न साठवलेलं सगळं पुसलं जायचं. तो म्हणायचा, "चाल, पुन्हा," आणि पहिल्या ओळीपासून सांगू लागायचा.

संत्र्याच्या बागेचं मैदान झालं, रेल्वे यार्डाचं झालं, जिनिंगमधल्या कापसाच्या ढिगांचं झालं. पोरं रांग लावू लागली. सर एकदा सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "इसका दिमाग देखो." मी शेजारी उभा होतो. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू भी ठीक है."

ते "ठीक है" माझ्या मनातून जाईना. आपलंही एक मैदान असावं, सगळ्यांनी त्याचंच नाव काढावं, असं वाटू लागलं. मी त्याला म्हणालो, "गोटमारीचं मैदान करू. नदी, झाड, झेंडा, सारं तयारच हाय."

तो पडद्याकडे बघत राहिला. "ते नको करू."

"कायले? खेळच तं हाय."

"नको म्हनलं ना."

मी हो म्हणालो. आणि तो मामीच्या मदतीला वावरात जाऊ लागला त्या दिवसांत, सरांकडून किल्ली मागून, एकट्याने ते मैदान केलं. मधून नदी. पात्रात झाड. आगीच्या गोळ्यांचे गोटे केले. मग माणसं करायला घेतली. पांढुर्ण्याचा माणूस साधा ठेवला. सावरगावच्या माणसाच्या डोक्यावर पिवळा रंग भरला. भरताना मला ठाऊक होतं तो कोणाचा आहे. त्याच्यामुळे चित्र खरं वाटत होतं आणि मला ते खरं वाटायलाच हवं होतं. शेवटी, मार लागलेल्या माणसाला घरी परत पाठवणाऱ्या ओळी काढून टाकल्या. त्या जागी कुशीवर पडलेल्या माणसाचा आकार ठेवला. गोटमारीत पडलेला माणूस घरून पुन्हा निघत नाही, असा विचार केल्याचं मला आठवतं. त्या विचाराने मी थांबायला हवं होतं. मला तो फार हुशारीचा वाटला.

सव्वीस जानेवारीला शाळेत प्रदर्शन होतं. पालक, बाहेरचे पाहुणे आणि पोरं मिळून खोली भरली होती. मी आधीच दोन्ही यंत्रांवर माझं मैदान चढवून ठेवलं होतं. मित्र धुतलेला सदरा घालून आला आणि सवयीने दुसऱ्या कॉम्प्युटरसमोर बसला. संत्र्याची बागच दाखवायची आहे, असं त्याला वाटत होतं.

पडद्यावर नदी आली. माझ्या मागे कोणीतरी म्हणालं, "अबे, हे तं गोटमार होय." गर्दी पुढे सरकली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहत राहिलो. सर म्हणाले, "चलो, खेलके दिखाओ." त्याने बटण दाबलं आणि पिवळ्या डोक्याचा माणूस काठावर आला. थोडा चालला. गोटा लागला. तो कुशीवर पडला आणि तसाच राहिला.

मित्र बटण दाबत होता. माणूस हलत नव्हता.

"अबे, हा तं तुहा मामा," आमच्याच वर्गातला एक पोरगा म्हणाला. दोघं-तिघं हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो. मोठ्याने नाही, पण त्याला ऐकू जाईल इतकं.

तो उठला, कॉम्प्युटरमागे हात घालून दोन्ही यंत्रांना जोडणारी वायर काढली, गुंडाळून टेबलावर नीट ठेवली आणि चपला न घालताच बाहेर गेला. सरांना वाटलं, यंत्र बिघडलं. पाहुण्यांना पुढच्या खोलीतली ज्वालामुखीची प्रतिकृती बघायला नेलं. त्याच्या चपला संध्याकाळपर्यंत दारात पडून होत्या. मी त्या उचलल्या नाहीत.

तो पुन्हा शाळेत आला नाही. काही दिवसांनी मामी दाखला न्यायला आली. फाटकापाशी तिने मला ओळखलं.

"तू त्याचा दोस्त ना रे? काय झालं बाबू शाळेत? तो काही सांगूनच नाही राह्यला. गावाले जातो म्हनते फक्त."

"मले नाही मालूम, मामी," मी म्हणालो.

तिने पदराने तोंड पुसलं आणि ती ऑफिसकडे गेली. भाच्यापाठोपाठ तिनेही सावरगाव सोडलं.

मी पुढे नागपूरला कॉम्प्युटरवरच पोट भरलं. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत, शाळेत असताना काय केलंस असं विचारलं, तेव्हा मैदान बनवायच्या प्रोग्रामबद्दल सांगितलं. तो दोघांनी केला होता, एवढं म्हणालो. मित्राने काय केलं आणि मी काय केलं, ते सांगितलं नाही.

मागच्या हिवाळ्यात सौंसरला गेलो. संत्र्याच्या झाडांवर औषध मारायच्या पंपांच्या दुरुस्तीचं मित्राचं तिथे दुकान आहे, हे एका नातेवाइकाकडून कळलं होतं. तो पंप उघडून बसला होता. डोक्याचे केस गेलेले. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"रस्ता भुलला का रे?" तो म्हणाला. "बस. तो डबा सरकव."

मी बसलो आणि जे सांगायचं होतं ते सांगू लागलो. त्याने मध्येच थांबवलं.

"ते मले त्याच दिवशी समजलं होतं. मैदान बनवनारे आपुन दोघंच, अन् मी तं बनवलं नाही." त्याने हात फडक्याला पुसले. "मामीले सांग. पोरगं शाळा सोडून कायले आलं, हे ते आजबी इचारते. मी सांगितलं नाही."

मामी दुकानामागच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हातारी झाली होती, पण ऐकू येत होतं. मी खाली बसलो. कॉम्प्युटर म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागली.

"टीव्हीसारखं?" तिने विचारलं.

"टीव्हीसारखंच. पण त्यातला मानूस आपुन चालवाचा."

नदी सांगितली, झाड सांगितलं, गोटा सांगितला. नुसतं बोलून सांगताना लपायला जागाच नव्हती. हसलो, तेही सांगितलं. तिचे हात थांबले होते.

"पिवळा दुपट्टा बी केला होता तू?"

"हो."

तिने मांडीवरच्या शेंगा बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "मंग त्याच्यात ते उठले का पुन्हा?"

"नाही, मामी. त्या खेळात सारेच उठत होते. त्याहिचं उठनं मी काढून टाकलं. अन् तुम्ही शाळेत आल्या, तवा मले सारं मालूम होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो. मले माफ करा."